मध्यरात्रीची मुलं आणि आपल्या आज्ज्या

(रेडिओवरून दिलेलं भाषण)



आज एका कादंबरीची गोष्ट सांगायची आहे. कादंबरी मूळ इंग्रजी, जाडजूड आहे. आपल्यापैकी बहुतेकींनी ती वाचलेली नसणार. पण तिच्यातल्या गोष्टी ऐकल्या की तुम्ही म्हणाल, हे तर आपल्या ओट्यावर बसून सांगतात तसंच आहे. आणि त्या गोष्टीवरून मला आपल्या एरंडोल तालुक्यातल्या आज्ज्यांविषयी काही बोलायचं आहे. ते काम थोडं घाईचं आहे. का, ते शेवटी सांगते.

आधी आपल्या गटातल्या एका आजींची हकिगत. आधार कार्डावर त्यांची जन्मतारीख १ जानेवारी आहे. त्यांच्या जावेचीही १ जानेवारी आणि शेजारणीचीही १ जानेवारी. सगळ्या गावातल्या म्हाताऱ्या काय एकाच दिवशी जन्मल्या? आजी हसून म्हणाल्या, "मना जलम कवय व्हयना, कोनले ठाऊक? माय म्हणायची, गावात झेंडा चढला तेव्हा तू पोटात होतीस." म्हणजे आजींचा जन्म १९४७ च्या पावसाळ्यानंतरचा. पण कार्डावर साल पडलं १९५४. सात वर्षं कागदानं गिळली. श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षं पुरी लागतात. आजींची ६५ वर्षं खरी भरली, तेव्हा कागदावर त्या ५८ च्या होत्या. ती सात वर्षं त्यांनी निंदणी-खुरपणी करून काढली.

आता कादंबरीकडे येते. तिचं नाव 'मिडनाइट्स चिल्ड्रन', म्हणजे मध्यरात्रीची मुलं. लेखक सलमान रश्दी. त्यांचा जन्म मुंबईचा, जून १९४७ चा, म्हणजे स्वातंत्र्याच्या जेमतेम दोन महिने आधीचा. कादंबरी १९८१ साली आली आणि त्याच वर्षी तिला इंग्रजीतलं मोठं समजलं जाणारं बुकर पारितोषिक मिळालं.

गोष्ट अशी. १९४७ च्या ऑगस्टची १४ तारीख संपून १५ लागली. दिल्लीत पंडित नेहरूंचं भाषण झालं, देश स्वतंत्र झाला. रात्री बारा ते एक या एका तासात देशभरात एक हजार एक मुलं जन्मली, असं लेखकानं कल्पिलं आहे. या प्रत्येक मुलाच्या अंगात काही ना काही चमत्कार. कोणी आरशात शिरून दुसरीकडे निघतं, कोणाला खरी जादू येते. बाराच्या ठोक्याला जितकं जवळ जन्मावं तितकी ताकद जास्त. अगदी ठोक्यावर जन्मलेली दोन मुलं मुंबईच्या एकाच प्रसूतिगृहातली. एक श्रीमंताघरचं, एक रस्त्यावर गाणी म्हणून पोट भरणाऱ्याच्या बायकोचं. ती बिचारी बाळंतपणातच गेली. तिथल्या मेरी नावाच्या नर्सनं दोन्ही बाळांची अदलाबदल केली. गरिबाचं बाळ सलीम म्हणून बंगल्यात वाढलं, श्रीमंताचं बाळ शिवा म्हणून झोपडपट्टीत वाढलं.

सलीमची जादू कोणती? त्याला बाकीच्या सगळ्या मुलांचे आवाज डोक्यात ऐकू येतात. कोण काश्मीरचं, कोण केरळचं, सगळी त्याच्या डोक्यात भरलेल्या सभेत बोलतात. म्हणजे तो स्वतःच एक रेडिओ झाला म्हणा ना.

अशा लिहिण्याला जाणकार लोक जादुई वास्तववाद म्हणतात. नाव अवघड आहे, पण रीत आपल्या ओळखीची. घर खरं, गाव खरं, तारीख खरी, दुःख खरं, आणि त्यातच एक अचाट गोष्ट अशी सांगायची, जणू ती रोजचीच आहे. आपल्या एरंडोलला जुने लोक एकचक्रानगरी म्हणतात. पांडव वनवासात इथं राहिले आणि पद्मालयाच्या रानात भीमानं बकासुराला मारलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला गेलो की पोरांना तेच सांगतो. आपण काय सांगतो ते आठवून पाहा. गावानं बकासुराला गाडाभर अन्न द्यायचं आणि वर घरटी एक माणूस द्यायचं. आज या घराची पाळी, उद्या त्या घराची. एक घर रडायला लागलं, तेव्हा कुंतीनं ठरवलं की माझा मुलगा जाईल. राक्षस मारला भीमानं, पण निर्णय एका बाईचा, तोही परक्या घरी आसऱ्याला राहिलेल्या बाईचा.

राक्षस खरा होता की नाही, यावर वाद घालत बसू नका. पण गाडाभर धान्य मागणारा आणि वर माणसंही मागणारा सत्ताधारी लोकांनी पाहिलेला होता, म्हणूनच ही गोष्ट इतकी वर्षं टिकली.

आपल्या खानदेशानं तसं राज्य पाहिलं. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. डोंगरातल्या भिल्लांनी ते मानलं नाही. त्यांना काबूत आणायला १८२५ मध्ये इंग्रजांनी भिल्लांचीच पलटण उभी केली. १८५२ मध्ये जमिनीची मोजणी सुरू झाली तेव्हा सारा वाढेल या भीतीनं सावदा-फैजपूरकडचे शेतकरी उठले. सरकारनं फौज आणून त्यांना दाबलं. १८५७ च्या धामधुमीत खाज्या नाईक आणि त्यांच्या साथीदारांनी सातपुड्यात बंड केलं. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली. त्या लढाईनंतर भिल्ल बायकांनाही धरून नेलं. खाज्या नाईकांचं नाव पुस्तकात आहे. त्या बायकांची नावं आपल्याला सांगता येत नाहीत.

पुढचा काळ तर आपल्या आज्ज्यांच्या आयांनी पाहिलेला. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष, गांधीजी हजर, नंदलाल बोसांसारख्या थोर चित्रकारानं बांबू-लाकडातून सजवलेला मंडप. हजारो लोक आले आणि जेवले. हजारो जेवले म्हणजे कोणीतरी दळलं, कोणीतरी भाकरी थापली. मंडप कोणी सजवला ते आपल्याला ठाऊक आहे, पण भाकरी कोणी थापली ते कोणाला सांगता येईल?

१९४२ मध्ये 'चले जाव'ची हाक आली. अमळनेरला लीलाताई पाटील त्या आंदोलनात पुढे होत्या, त्यांनी तुरुंग भोगला. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळी चालवली. शिरीषकुमार आणि त्याचे चार साथी मारले गेले. शाळकरी वयाची पोरं ती. एप्रिल १९४४ मध्ये चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. डॉ. उत्तमराव पाटील, साताऱ्याकडचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी त्यात होते. हे सगळं खरं घडलेलं. पण शिरीषकुमारची गोष्ट नंदुरबारमध्ये चार जणांना विचारा, चौघं चार तऱ्हेनं सांगतील. एक म्हणेल तो असं बोलला, दुसरा म्हणेल तसं बोलला. गोळी आणि तारीख बदलत नाही. बोलणं मात्र सांगणाऱ्याच्या जिव्हाळ्यानं बदलतं.

कादंबरीत हीच गंमत आहे. सलीम आपली गोष्ट सांगताना चुकतो. गांधीजींच्या हत्येची तारीखसुद्धा तो चुकीची सांगून बसतो. मग त्याच्या ध्यानात येतं, आणि तो ती चूक तशीच राहू देतो. कारण त्याच्या आठवणीत ते तसंच घडलं आहे. यातून दोन गोष्टी शिकायच्या. आठवण आणि इतिहास या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आणि दोन्ही लागतात. तारीख कागदावरून तपासायची. पण त्या दिवशी घरात चूल पेटली होती का, कोण रडलं, कोणी दार लावून घेतलं, हे कागद सांगत नाही. ते माणूस सांगतं.

आणि सलीम ही गोष्ट कोणाला सांगतो? एका लोणच्याच्या कारखान्यात बसून तो सांगतो. तिथं काम करणारी पद्मा नावाची बाई ऐकते. तिला लिहिता-वाचता येत नाही. पण ती नुसती मान डोलवत नाही. गोष्ट लांबली की कंटाळते, 'पुढे काय झालं ते सांग' म्हणते, पटलं नाही की रागावते, एकदा तर रुसून निघून जाते. ती गेल्यावर सलीमची गोष्टच विस्कटते. सांगणारा कितीही हुशार असो, ऐकणारी नसेल तर गोष्ट उभी राहत नाही.

हे आपल्या खानदेशात दोनदा घडलेलं आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. साने गुरुजी तिथंच कैदेत होते. त्यांनी ते ऐकून झरझर उतरून घेतलं. त्यातून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं. गुरुजींनी लिहिलं नसतं तर ते बोल तुरुंगाच्या भिंतींतच जिरले असते. दुसरं उदाहरण आपल्या बहिणाबाई चौधरींचं. माहेर असोद्याचं, सासर जळगावचं. अक्षरओळख नाही. शेतात, घरोट्यावर बसून गाणी रचली. घरच्या मुलांनी ती टिपून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं गाणी छापली गेली. टिपणारं कोणी नसतं तर बहिणाबाईंसोबत ती गाणीही गेली असती. अशा किती बहिणाबाई गेल्या असतील, ज्यांच्या घरात वही-पेन्सिल घेऊन बसणारं कोणी नव्हतं!

आता स्वातंत्र्याच्या त्या मध्यरात्रीविषयी. कादंबरीत ती रात्र सगळ्या देशाला एकदम येते. प्रत्यक्षात तसं झालं नाही. एरंडोल, पाचोरा, चाळीसगाव हा भाग तेव्हा मुंबई इलाख्यात, पूर्व खानदेश जिल्ह्यात होता. इथं १५ ऑगस्टला झेंडा चढला. पण अजिंठ्याच्या डोंगराला लागून असलेलं सोयगाव निजामाच्या राज्यात होतं. तिकडं स्वातंत्र्य आलं १७ सप्टेंबर १९४८ ला, तेरा महिन्यांनी. म्हणजे एखादीचं सासर पाचोऱ्याचं आणि माहेर सोयगावचं असेल, तर ती स्वतंत्र आणि तिची आई पारतंत्र्यात. गोव्याची सुटका तर डिसेंबर १९६१ मध्ये झाली. आणि ज्या जमातींवर इंग्रजांनी जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का मारला होता, त्यांच्यावरचा तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. त्यांच्या पालावर स्वातंत्र्य पाच वर्षं उशिरा पोचलं.

बायकांचं काय? देशाची पहिली निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. बाईला पुरुषाबरोबरच मत मिळालं, ही फार मोठी गोष्ट. पण मतदार यादी करताना बऱ्याच बायांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच लिहून घ्या म्हणाल्या. निवडणूक आयोगानं सांगितलं, नाव हवंच. शेवटी सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गेली. बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. देश स्वतंत्र झाला, मत मिळालं, पण नाव कागदावर नाही म्हणून मत गेलं. आमच्या आजींची सात वर्षं गेली तीही कागदामुळेच.

आणि हे एरंडोलमध्ये बोलताना मनाला जास्त लागतं. कारण एकेकाळी आपलं एरंडोल देशी कागदासाठी नावाजलेलं होतं. जाडाभरडा, हातानं केलेला कागद इथं तयार व्हायचा. अंजनी नदीकाठच्या या गावात कागद बनला, त्यावर हिशेब, करार, सनदा लिहिल्या गेल्या असतील. आपल्या पणज्यांचं त्यावर काय लिहिलं गेलं?

कादंबरी पुढे १९५७ च्या मुंबईत येते. संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे चाललेत. छोटा सलीम सायकलवरून उतारावर सुटतो आणि थेट मराठी मोर्चात जाऊन आदळतो. त्यातून दंगल होते आणि पोरगं समजतं की मुंबई राज्याची वाटणी माझ्यामुळेच झाली. हसू येतं वाचताना. खरं तर त्या चळवळीत शंभराहून जास्त माणसं मेली आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. पण लहान मुलाला वाटतंच की घरातलं भांडण माझ्यामुळे झालं. लेखकानं तेच देशाला लावलं आहे.

शेवटचा भाग मात्र हसण्यासारखा नाही. २५ जून १९७५ ला आणीबाणी लागली. कादंबरीत मध्यरात्रीच्या मुलांना शोधून पकडतात आणि जबरदस्तीनं त्यांची नसबंदी करतात. त्यांची जादूही जाते, त्यांना पुढं मूलही होणार नाही. हे लेखकानं हवेतून आणलेलं नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यात पुरुष जास्त होते. अनेक ठिकाणी सक्ती झाली. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही, म्हणून कायदा झाला नाही. लोकांनी १९७७ मध्ये मतपेटीतून राग काढला. त्यानंतर पुरुषांच्या शस्त्रक्रियेचं नाव काढायला सरकार घाबरू लागलं. मग तो भार कोणावर आला? आपल्यावर. आज कॅम्पमध्ये रांगेत कोण असतं ते तुम्हीच पाहता. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असूनही घरातली बाईच जाते. इतिहास फार लांब नसतो मैत्रिणींनो, आपल्या पोटावरच्या टाक्यांतही असतो.

या कादंबरीवर टीकाही झाली. आपल्याच यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे, 'हिंदू' कादंबरीचे लेखक, यांना ज्ञानपीठ मिळालं. त्यांनी रश्दींच्या लेखनावर कडक शब्दांत टीका केली. आपल्या मातीची गोष्ट आपल्या भाषेत सांगावी, असं नेमाडे मानतात. मला त्यात तथ्य वाटतं. मुंबईच्या बंगल्यातून देश जितका दिसतो तितकाच या कादंबरीत दिसतो. खानदेशातला कापूस, वऱ्हाडातला दुष्काळ त्यात शोधून सापडणार नाही. पण म्हणून कादंबरी टाकून द्यायची नाही. राहिलेलं आपण भरायचं.

आणि भरायची जागा लेखकानं ठेवलेली आहे. सलीम लोणच्याच्या कारखान्यात आहे ना, म्हणून तो आपल्या गोष्टीचं प्रत्येक प्रकरण म्हणजे एक बरणी समजतो. आठवणींना मीठ-मसाला लावून बरणीत भरायचं, म्हणजे त्या टिकतात. चव थोडी बदलते, पण नासत नाहीत. फळीवर तीस बरण्या भरून ठेवल्यात आणि शेजारी एक बरणी रिकामी आहे, पुढच्या काळासाठी. मी ते वाचलं तेव्हा वाटलं, ही बरणी आपली. लोणचं घालणं आपल्याला कोणी शिकवायला नको.

म्हणून गटांना माझी एक विनंती आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास जन्मलेल्या आज्ज्या आता ऐंशीला टेकल्या. दर पावसाळ्यात, दर थंडीत त्यांतल्या काही जातात. म्हणून मघाशी घाई आहे म्हणाले. प्रत्येक गटानं या वर्षी निदान एका आजीची आठवण लिहून काढायची.

कशी लिहायची? आजीला साल विचारू नका, तिला ते सांगता येणार नाही. खुणा विचारा. गांधीजींना मारलं तेव्हा तू केवढी होतीस? पहिल्यांदा मत दिलं तेव्हा लग्न झालेलं होतं का? महाराष्ट्र झाला तेव्हा कडेवर कोण होतं? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलीस तेव्हा पोरं किती? लाल मिलो कोणी आणला? नसबंदीच्या साली घरातले पुरुष रानात लपले होते का? १९४८, १९६०, १९७२, १९७६ अशी सालं आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्या मधोमध आजीचं वय आपोआप सापडतं. तिचं नाव पूर्ण लिहा, माहेरचंही. बोली अहिराणी असेल तर अहिराणीच ठेवा, शुद्ध करत बसू नका. तिनं तारीख चुकीची सांगितली तर खोडू नका, शेजारी खरी तारीख लिहा. आणि भुताखेताची, देवाची, स्वप्नाची गोष्ट सांगितली तर तीही लिहा. ज्या साली विहीर आटली त्या साली स्वप्नात मरीआई आली, असं आजी म्हणत असेल, तर त्यातून आटलेल्या विहिरीचं साल कळतं, आणि आजीला किती भीती वाटली तेही कळतं.

अशा कथनानं लगेच कार्डावरची तारीख बदलत नाही, हे खरं. त्याला सरकारी पुरावाच लागतो. पण मोठ्या भावाचा शाळेचा दाखला, ग्रामपंचायतीतली जुनी जन्मनोंद कुठं शोधायची, याचा माग या आठवणीतूनच लागतो.

त्या आजींना मी परवा विचारलं, "तुमच्या नावानं वही करू का?" म्हणाल्या, "माझं काय लिहिणार बाई? मी कुठं काय केलं?" मग दोन तास बोलत होत्या. झेंड्यापासून सुरू झाल्या त्या मिलोच्या भाकरीपर्यंत आल्या. मध्येच थांबल्या की गटातली एक मुलगी म्हणायची, "मग पुढं काय झालं?" अगदी त्या पद्मासारखी.

वहीची बारा पानं झाली आहेत. पहिल्या पानावर आजींचं पूर्ण नाव आहे, आणि त्याखाली लिहिलंय: जन्म, १९४७, झेंडा चढल्यावर.